चाळीस मिनिटांची कबड्डी, तीन मिनिटांची क्लिप

गावच्या कबड्डी सामन्याची तीन मिनिटांची क्लिप बनवायला अख्खी संध्याकाळ जाऊ शकते. पुरुषांचा सामना 20-20 मिनिटांच्या दोन सत्रांचा, चढाई जास्तीत जास्त 30 सेकंदांची. म्हणजे ऐंशीच्या आसपास चढाया डोळ्यांखालून घालायच्या! खरा वेळ खातं ते हे बघणं आणि निवडणं. कापाकापी त्यामानाने झटपट उरकते.

स्लो मोशन जपून वापरावं. सेकंदाला 120 फ्रेमनी टिपलेली 5 सेकंदांची पकड 30 फ्रेमनी दाखवली की 20 सेकंद खाते.

सगळ्यात मोठी बचत मैदानावरच होते. जाणकार कॅमेरावाले झकास चढाई संपताच तळहाताने लेन्स क्षणभर झाकतात. एडिटिंगला बसल्यावर टाइमलाइनवर काळी फ्रेम दिसली, की तिच्या आधीची चढाई उचलायची.