'मामा तलाव' शोधला आणि निकाल शून्य! : कंपनीच्या इंट्रानेटवर सर्च कसा बसवतात?

आपल्या भंडारा जिल्ह्यात 'मामा तलाव' म्हणजे काय, हे कुणालाही विचारा, लगेच सांगेल. मालगुजारांच्या काळातले 'माजी मालगुजारी' तलाव. आद्याक्षरं जोडली आणि 'मामा' झालं. आता समजा, एका कंपनीनं अशा एका तलावातला गाळ काढायला पैसे दिले होते. फाइल कंपनीच्या इंट्रानेटवर आहे. नवीन कर्मचारी 'मामा तलाव गाळ' असं टाकून शोधतो. फाइलमध्ये मात्र सगळीकडे 'माजी मालगुजारी तलाव' लिहिलेलं. उत्तर येतं : निकाल शून्य. तो साहेबांना सांगतो, "असं काम झालंच नाही." आणि तेच काम दुसऱ्यांदा मंजुरीला जातं!

चूक कुणाची? कर्मचाऱ्याची नाही, यंत्राचीही नाही. सर्च बसवताना एक काम राहून गेलं. ते काम कोणतं, ते आज बघू.

इंट्रानेट म्हणजे काय?

इंटरनेट सगळ्यांसाठी असतं, तर इंट्रानेट फक्त संस्थेच्या आतल्या लोकांसाठी. परिपत्रकं, रजेचे नियम, सुरक्षेच्या सूचना, निविदा, जुने अहवाल, सगळं तिथं ठेवलेलं असतं. कागद हजारांत गेले की एकेक उघडून बघणं शक्य नसतं. म्हणून सर्च लागतो.

सर्च आतून कसा चालतो?

आपण शब्द टाकल्यावर यंत्र सगळे कागद वाचत बसत नाही. ते आधीच वाचून ठेवलेले असतात. पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, 'वैनगंगा : पान 12, 40, 87'? अगदी तशीच सूची यंत्र बनवतं : कोणता शब्द, कोणत्या फाइलमध्ये, कितव्या जागी. यालाच इंडेक्स म्हणतात. ल्युसीन हे असं इंडेक्स बनवणारं मोफत सॉफ्टवेअर आहे. सोल्र आणि इलास्टिकसर्च त्याच्यावरच उभे आहेत.

यातून एक नियम निघतो, तो वहीत लिहून ठेवा : जो शब्द इंडेक्समध्ये नाही, तो यंत्रासाठी जगातच नाही.

पायरी 1 : कागदातून अक्षरं मिळवणे

स्कॅन केलेलं परिपत्रक आपल्याला वाचता येतं, पण यंत्रासाठी ते नुसतं चित्र. त्यातून अक्षरं ओळखायला ओसीआर लागतं. टेसरॅक्ट या मोफत ओसीआरमध्ये मराठीची सोय आहे.

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फाइलींचा घोळ वेगळाच. पडद्यावर मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. त्या फाइली आधी युनिकोडमध्ये बदलाव्या लागतात. नाहीतर 'रजा' शोधून त्या कधीच सापडणार नाहीत.

पायरी 2 : एकसारखं दिसणारं एकसारखं करणे

'कर्मचाऱ्यांना' हा शब्द बघा. यातला 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो. एकात खाली टिंब असलेला 'ऱ' वापरतात, दुसऱ्यात साधा 'र' आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण यंत्राला हे दोन वेगळे शब्द वाटतात. तसंच १९९९ आणि 1999 यांचं. म्हणून इंडेक्स बनवतानाच सगळं एका रूपात आणायचं, आणि शोधणाऱ्यानं टाकलेल्या शब्दालाही तोच नियम लावायचा.

पायरी 3 : शब्दाची रूपं जोडणे

खाण, खाणीत, खाणीवर, खाणींचा. मूळ शब्द एकच, रूपं अनेक. प्रत्यय काढून मूळ शब्द ठेवला की सगळी रूपं सापडतात. ल्युसीनमध्ये हिंदीचे नियम तयार मिळतात, पण मराठीची सामान्यरूपं वेगळी, त्यामुळे ते जसेच्या तसे चालत नाहीत. शिवाय आंधळेपणानं कापूनही भागत नाही. 'गावात' मधला 'त' प्रत्यय आहे. 'शेत' मधला 'त' कापला तर उरतं 'शे'!

पायरी 4 : नावांची यादी देणे

हेच ते राहून गेलेलं काम. आपल्या जिल्ह्यातली उदाहरणं घेऊ.

• पवनीजवळचं वैनगंगेवरचं धरण कुठं 'गोसीखुर्द', कुठं 'गोसेखुर्द', तर कुठं 'इंदिरासागर'.

• तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथं 'मॉइल' कंपनीच्या मँगनीजच्या खाणी आहेत. कंपनी 1962 साली 'मँगनीज ओर (इंडिया) लिमिटेड' या नावानं स्थापन झाली, 'मॉइल लिमिटेड' हे नाव नंतरचं. त्याआधी या भागातल्या खाणी 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी' चालवायची. अशा कंपनीत 'मॉइल' टाकून 1960 च्या आधीचे कागद कसे सापडतील?

• 1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या तिरोड्याच्या कागदावर जिल्हा 'भंडारा' असणार.

• आणि 'भंडारा' म्हणजे जिल्हा, जेवणावळही, अन् जेजुरीची हळदही!

ही यादी यंत्राला आपोआप येत नाही. ती इथली माती माहीत असलेल्या माणसानंच द्यायची. ज्यानं खाणीवर तीस वर्षं काढली, त्या बाबूला संगणक कमी येत असेल, पण ही यादी त्याच्याइतकी चांगली कुणी करणार नाही.

पायरी 5 : कोणाला काय दिसावं?

पगाराची किंवा चौकशीची फाइल सगळ्यांना दिसून चालत नाही. नुसती उघडता न येणं पुरेसं नाही. 'अमुक यांची विभागीय चौकशी' हे शीर्षक निकालात दिसलं तरी बातमी फुटलीच. म्हणून प्रत्येक फाइलची परवानगी इंडेक्समध्येच नोंदवायची आणि निकाल दाखवण्याआधी गाळणी लावायची.

पायरी 6 : शून्य निकालांची वही

सर्च एकदा बसवला की काम संपलं, असं नसतं. कोणत्या शोधाला शून्य निकाल आला, याची नोंद यंत्र ठेवू शकतं. दर महिन्याला ती वाचा. कागदच नसेल तर ठीक. कागद असून सापडला नसेल, तर तो शब्द यादीत घाला. सुरक्षेची सूचना कामगाराला वेळेवर सापडली नाही, तर नुकसान फक्त वेळेचं नसतं, हे लक्षात असू द्या.

लक्षात ठेवा : निकाल शून्य म्हणजे कागद नाही, असं नाही. तुमचा शब्द आणि कागदातला शब्द जुळला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

करून बघा : शाळेतली दहा परिपत्रकं घ्या. त्यातलं एकेक काय सांगतं ते पाच जणांना तोंडी सांगा, कागद दाखवू नका. ते शोधायला कोणता शब्द टाकाल, हे प्रत्येकाला लिहायला सांगा. आता बघा, त्यातले किती शब्द खरोखर कागदात आहेत? जे नाहीत, ती झाली तुमची पहिली यादी.