नाताळची जुनी सजावट आणि मुलांचे नाट्य

सणाच्या सजावटीकडे सामान्यतः केवळ शोभेच्या दृष्टीने पाहिले जाते. दिवे, तोरणे, कागदी तारे यांचे प्रयोजन घर सुशोभित करणे एवढेच असावे, अशी समजूत असते. युरोपातील नाताळच्या जुन्या सजावटीचा इतिहास मात्र या समजुतीला छेद देतो. तिच्यातील काही प्रमुख वस्तू मुळात नाट्यप्रयोगाच्या साहित्याशी निगडित होत्या. प्रयोग मागे पडला, साहित्य उरले आणि त्या उरलेल्या साहित्यालाच पुढे सजावट हे नाव मिळाले. मूळ प्रयोगाचा धागा ज्यांनी सोडला नाही, ती मुले होत.

या इतिहासाचे पहिले सूत्र नाताळवृक्षात सापडते. मध्ययुगीन युरोपात २४ डिसेंबर हा आदाम आणि हव्वा यांचा स्मृतिदिन मानला जात असे. त्या सुमारास जर्मन भाषिक प्रदेशांत एदेन बागेतील पतनाची कथा नाट्यरूपाने सादर होई. या प्रयोगाला निषिद्ध फळाचा वृक्ष अत्यावश्यक होता. परंतु ऐन हिवाळ्यात फळझाडे निष्पर्ण झालेली असत. तेव्हा सदाहरित फरचे झाड आणून त्याला तांबडी सफरचंदे बांधीत. नाताळवृक्षाचा एक उगम या रंगमंचीय वृक्षात आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे झाडावर उपासनेतील भाकरीसारख्या, पापडीइतक्या पातळ भाकरीही टांगल्या जाऊ लागल्या. सफरचंद हे पतनाचे चिन्ह, तर भाकर ही उद्धाराची खूण. दोन्ही एकाच फांदीवर आल्याने आदामापासून ख्रिस्तापर्यंतची कथा एका झाडात सामावली. १६०५ मधील एका वृत्तांतात स्ट्रासबर्गचे रहिवासी घरात फरची झाडे उभारून त्यांवर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदे, पातळ भाकरी, सोनेरी वर्ख आणि साखर टांगतात, असे वर्णन आढळते. म्हणजे तोवर हा वृक्ष घरात येऊन स्थिरावला होता.

घरात आल्यावर त्याचे रूप पालटत गेले. थुरिंगियातील लाउशा या गावी १५९७ पासून काचेचा उद्योग होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील कारागीर फुंकून केलेले काचेचे पोकळ गोळे झाडासाठी बनवू लागले. १८४८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे नाताळवृक्षाभोवतीचे चित्र छापले आणि ही जर्मन प्रथा इंग्लंडच्या मध्यमवर्गात झपाट्याने रुजली. फांद्यांवरील मेणबत्त्यांमुळे आगीची धास्ती असे. १८८२ मध्ये न्यूयॉर्क येथे एडवर्ड जॉन्सन यांनी विजेचे ८० लहान दिवे लावून त्या धास्तीवर उपाय दाखविला. या साऱ्या बदलांत वृक्षाचे नाट्य विस्मरणात गेले. तांबड्या काचेच्या गोळ्यात सफरचंदाचा आकार तेवढा उरला.

दुसरे सूत्र गव्हाणीच्या देखाव्याचे. १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो येथे असिसीचे संत फ्रान्सिस यांनी गवताने भरलेली गव्हाण, बैल आणि गाढव आणवून नाताळची उपासना घडविली. लॅटिन न जाणणाऱ्या ग्रामस्थांसमोर बेथलेहेमची दैन्यावस्था प्रत्यक्ष उभी राहिली. जिवंत देखाव्यांच्या जोडीने पुढे लाकडाच्या व मातीच्या मूर्तींचे देखावे रूढ झाले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात चर्चे बंद पडून तेथील देखावे थांबले, तेव्हा प्रोव्हान्समध्ये ते घराघरांत गेले. मार्सेयचे मूर्तिकार झाँ-लुई लान्येल यांनी साच्यातून काढलेल्या मातीच्या स्वस्त मूर्ती सामान्यांना परवडू लागल्या. या मूर्तींत मेंढपाळांच्या बरोबरीने कोळीण, पाववाला, सुऱ्यांना धार लावणारा असे गावातले लोकही बाळाच्या दर्शनाला निघालेले दिसतात. याच प्रदेशात ४ डिसेंबरला बशीत गहू पेरतात आणि त्याची कोवळी रोपे नाताळच्या मेजावर किंवा देखाव्यात ठेवतात.

या दोन्ही सूत्रांबरोबर मुलांच्या सहभागाची परंपरा चालत आली आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गायकवृंदातील एका मुलाला बिशपचा पोशाख चढवून २८ डिसेंबरपर्यंत त्याच्याकडे मानाचे आसन सोपवीत. १५४१ मध्ये आठव्या हेन्रीने या प्रथेवर बंदी घातली. जर्मनी व ऑस्ट्रियात तीन राजांच्या वेषातील मुले काठीवर तारा मिरवीत दारोदार गातात आणि चौकटीवर खडूने आशीर्वादाची अक्षरे लिहितात. जर्मनीत १९५९ पासून याच फेरीतून जगभरातील गरजू मुलांसाठी निधी गोळा होतो. हाम्बुर्गजवळील निराधार मुलांच्या वसतिगृहात योहान हिनरिख विखर्न यांनी १८३९ मध्ये लाकडी चाकावर मेणबत्त्या बसविल्या. रोज एक पेटवायची आणि नाताळला किती दिवस उरले ते मुलांनी मोजायचे, अशी ती योजना होती. आज सर्वत्र दिसणारे आगमनकाळाचे चक्र त्यातून आले. नीस्की येथील मोरेव्हियन शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भूमितीच्या पाठातून मुलांनी बहुकोनी कागदी तारे घडविले. हेर्नहूटचा प्रसिद्ध तारा तो हाच. जर्मन घरांत नाताळच्या संध्याकाळी बंद दाराआडची घंटा वाजेपर्यंत मुले ताटकळत उभी राहत आणि पुष्कळ घरांत भेटी मिळण्यापूर्वी त्यांना झाडासमोर कविता म्हणावी लागे.

या उदाहरणांत मूल केवळ पाहुणे नसून कर्ते आहे. ते तारा घडविते, दिवस मोजते, राजा होते. शाळेतल्या नाताळच्या नाटकात भांडी पुसण्याचे फडके डोक्याला बांधून उभा राहणारा छोटा मेंढपाळ याच परंपरेचा वारस आहे. त्याचे वाक्य चुकले तरी ग्रेच्चोच्या ग्रामस्थांसमोर जे उभे राहिले, तेच तो आपल्या परीने पुन्हा उभे करतो.

मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. ‘नाताळ’ हा शब्दच जन्म या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला आहे, आणि गोव्यात मुले व तरुण एकत्र येऊन आजही गोठ्याचा देखावा रचतात. महाराष्ट्रात दिवाळीत मुले मातीचा किल्ला बांधतात, त्यावर हळीव वा मोहरी पेरतात आणि मावळे मांडतात. प्रोव्हान्सच्या बशीतला गहू आणि किल्ल्यावरची ही हिरवळ यांचा परस्परांशी ऐतिहासिक संबंध नाही. परंतु दोन्ही ठिकाणी मुलांच्या हातांना काम आहे. तयार देखावा आणि तयार किल्ला आता दुकानात विकत मिळतो. तो अधिक रेखीव असतो, यात शंका नाही. मात्र तो घरी आणल्यावर मुलाला करण्यासारखे फारसे काही उरत नाही, आणि जुन्या सजावटीत जे सर्वांत मोलाचे होते, ते नेमके तेथेच हरपते. पेरलेले उगवले की नाही, हे पाहण्यासाठी रोज सकाळी धावत जाणारे मूल त्या सजावटीचाच एक भाग होते.