दाखल्यावरचा 'वर्तणूक' रकाना

दहावी-बारावीनंतर जळगाव-धुळ्याच्या घराघरांत शाळा सोडल्याचा दाखला पिशवीतून बाहेर निघतो. त्यावर जन्मतारीख, जात, 'अभ्यासातील प्रगती' आणि शेजारीच 'वर्तणूक'. तिथे बहुधा सवयीने 'चांगली' लिहिलेले असते. मारामारी केली, मास्तरांना उलट बोलला, म्हणून वर्षभर 'दाखल्यावर लाल शेरा मारीन' असा धाक घातलेला असला तरीही! अमेरिकेत काही कॉलेजं अर्जातच शाळेतल्या शिक्षेबद्दल विचारतात. आपल्याकडे प्रवेश ठरतो मुख्यतः गुण आणि आरक्षणावर. अकरावीचे प्रवेश तर २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले.

कॉपीचे प्रकरण मात्र वेगळे. खान्देश नाशिक विभागीय मंडळाखाली येतो. तिथे गैरप्रकार सिद्ध झाला तर निकाल रद्द होऊ शकतो, पुढच्या परीक्षेलाही बंदी येऊ शकते. म्हणजे अडते ते वर्तणुकीपाशी नाही, गुणपत्रिकेपाशी.

आणि पोलीस केस? अठराच्या आतील मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळाने निकाली काढले असेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार पोलिसांना चारित्र्य दाखल्यासाठी ती नोंद उघड करता येत नाही. ही गोष्ट पालकांना कुणी सांगतच नाही.

दाखल्यावरचा शेरा चुकीचा वाटला तर कॉलेजच्या खिडकीवर हुज्जत घालू नका. आधी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तिथे दाद लागली नाही, तर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे (माध्यमिक) जा.