घोड्याचं वजन काट्याशिवाय कसं काढतात?

नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याच्या घोडेबाजारात घोडा घेणारा दात बघतो, चाल बघतो, अंगावरचे भोवरे बघतो. वजन मात्र नजरेनेच ठरतं. काटा असतोच कुठे? पण नजर फसते. अंगावर झूल किंवा दाट केस असले की बरगड्या लपतात. आणि सुटलेलं पोट म्हणजे खाणं-पिणं उत्तम, असंही नाही. जंत झालेला अशक्त घोडासुद्धा पोटाळ दिसतो.

म्हणून आधी हात फिरवायचा. अमेरिकेतल्या डॉन हेनेके यांनी १९८३ मध्ये यासाठी १ ते ९ गुणांची पद्धत मांडली. १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे अति लठ्ठ. मान, मानेमागचा पाठीचा उंचवटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ अशा सहा ठिकाणी चरबी चाचपतात. ५ गुणांच्या घोड्याच्या बरगड्या दिसत नाहीत, पण हाताला सहज लागतात.

सवय नसेल तर स्वतःचा हात बघा. आवळलेल्या मुठीच्या गाठींसारख्या बरगड्या लागल्या, तर घोडा रोडावलाय. सरळ हाताच्या मागच्या बाजूसारख्या लागल्या, तर ठीक. तळहातासारखं गुबगुबीत लागलं, तर चरबी जास्त.

वजनासाठी शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून, पाठीच्या उंचवट्यावरून छातीचा घेर घ्यायचा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजायची. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. मापं सेंटिमीटरमध्ये, उत्तर किलोत. घेर १६० आणि लांबी १४५ असेल तर सुमारे ३१२ किलो. हा अंदाजच आहे, आणि शिंगराला किंवा गाभण घोडीला तो लागू होत नाही.

हा आकडा हवा कशाला? जंताच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो. तो कमी पडला तर औषधाला न जुमानणारे जंत मागे उरतात.

आणि वरात? घोड्यावर त्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांपर्यंतच भार असावा, असा ढोबळ संकेत आहे. या ३१२ किलोच्या घोड्यासाठी तो ६२ किलो होतो, तोही खोगीर आणि साज धरून. ७५ किलोचा नवरदेव एकटाच त्याहून जड. त्यात त्याच्यापुढे भाच्याला बसवायची हौस असतेच.