तोंडी करार घरमालकालाच भोवतो

रत्नागिरीत घर भाड्याने देताना अजूनही पुष्कळदा शब्दावरच भागते. माणूस ओळखीचा, अनामत हाती आली, किल्ली दिली. मग कागद कशाला? या भिडस्तपणास कायद्यात थारा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याच्या ५५व्या कलमान्वये भाड्याचा वा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय, असा करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याविषयी, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते!

मुंबईस राहणारे कित्येक मालक येथील घरास कुलूप लावून स्वस्थ बसतात. १९४७ च्या जुन्या भाडेकायद्याची धास्ती त्यांच्या मनातून गेलेली दिसत नाही. वास्तविक राहत्या जागेच्या लायसन्सची मुदत संपल्यावर २४व्या कलमान्वये सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळवता येतो. जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाईही मागता येते. मग कौले गळू देण्यात कोणते शहाणपण?

भाडेकरूंनीही पावती मागताना संकोचू नये. ती देणे मालकास बंधनकारक आहे. आम्ही शिक्षक असताना तोंडी ठरलेली एक खोली आम्हांस ऐन श्रावणात सोडावी लागली. भाडे दरमहा चुकते केले होते. पावती मात्र एकही नव्हती.