‘गॅस्केट गेलं’ म्हणजे नक्की काय गेलं?

मागच्या मे महिन्यात रत्नागिरीहून कोल्हापूरला येताना आंबा घाटात मामाची गाडी रुसली. गाडी सेकंडहँड, पण मामाचा तिच्यावर भारी जीव. एक लिटरचं, तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन. आत आम्ही पाच जण, डिकीत हापूसच्या पेट्या, एसी फुल. आणि मामा “हजार सीसी आहे, पण पिकअप बघ!” म्हणत गिअर न उतरवता चढ चढवत होता. आधी गाडी अडखळायला लागली, मग मागून पांढरा धूर. टेंपरेचरचा काटा मात्र बरोबर मध्यावर! बॉनेट उघडलं तर कूलंटची टाकी ठणठणीत कोरडी. पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या त्यात ओतल्या आणि तशीच गाडी मलकापूरपर्यंत आणली. “काटा मध्यावर आहे ना, मग चल, काही होत नाही,” हे छातीठोकपणे सांगणारी व्यक्ती म्हणजे मी. मेकॅनिकलची ना!

गॅरेजवाल्याने एका वाक्यात निकाल दिला, “साहेब, गॅस्केट उडालंय.” नवीन गॅस्केट टाकलं, बिल २६ हजार. बाविसाव्या दिवशी पुन्हा तोच पांढरा धूर. घरात दोन पार्ट्या पडल्या. मामा कंपनीला शिव्या घालतोय आणि मामी मामाच्या ड्रायव्हिंगला. शेवटी दोघंही माझ्याकडे वळले, “तू इंजिनिअर होणार ना, तूच सांग चूक कोणाची?”

आता व्हायवाला मी “हेड गॅस्केट इज यूज्ड फॉर सीलिंग” एवढं बोलून दोन मार्क घेतलेले. त्या दोन मार्कांवर मामाला काय सांगणार? म्हणून सुट्टीत थोडं वाचलं आणि दोन दिवस दुसऱ्या एका गॅरेजमध्ये जाऊन बसले. जे कळलं ते इथे लिहिते आहे.

कुकरची रिंग आणि चार गाड्यांचं वजन

इंजिनचे मुख्य भाग दोन. खाली ब्लॉक, ज्यात सिलिंडर असतात, आणि वर हेड, ज्यात व्हॉल्व्ह आणि स्पार्क प्लग असतात. या दोघांच्या मधला पातळ थर म्हणजे हेड गॅस्केट. आईच्या कुकरची रिंग आठवा. रिंग कडक झाली की शिटी होत नाही, वाफ कडेने फुसफुसत राहते. गॅस्केटचं काम तेच, पण एकाच वेळी तीन गोष्टींसाठी. सिलिंडरमधला जळता गॅस, ब्लॉकमधून हेडमध्ये जाणारं कूलंट आणि तसंच वर जाणारं इंजिन ऑइल. तिघांचे रस्ते एकमेकांपासून काही मिलिमीटरवर, आणि कोणी कोणाला भेटायचं नाही!

आता थोडं गणित. सिलिंडरचा बोअर ७० मिमी धरा, म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडाएवढा. क्षेत्रफळ साधारण ३८.५ चौरस सेंमी. साध्या पेट्रोल इंजिनात ज्वलनाचा सर्वोच्च दाब ६०-७० बार असतो, तर टर्बो इंजिनात १०० बारच्या आसपास किंवा वरही जातो. १०० बार धरला तर हेडला वर ढकलणारं बल येतं सुमारे ३८,५०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ३.९ टन. चार छोट्या गाड्यांचं वजन एका कपाच्या तोंडावर! आणि ३००० आरपीएमला हा धक्का प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा बसतो, तासाला ९० हजार वेळा.

एवढं बल कोण पेलतं? गॅस्केट नाही, हेडचे बोल्ट. बोल्ट इतके ताणून बसवलेले असतात की धक्का बसला तरी हेड आणि ब्लॉकमधला दाब शून्यावर येत नाही. गॅस्केट फक्त हेडच्या सूक्ष्म हालचालीबरोबर स्प्रिंगसारखं खालीवर होत फट बुजवत राहतं. म्हणूनच आजच्या बहुतेक टर्बो इंजिनांत एमएलएस, म्हणजे मल्टी-लेयर स्टीलचं गॅस्केट असतं. स्प्रिंग स्टीलचे तीन-चार पातळ पत्रे, त्यांवर उठावदार कडा आणि वरून रबरासारखा लेप.

छोटं इंजिन, मोठी आग

आपल्याकडे छोट्या इंजिनांचं पीक का आलं? एक कारण मायलेज आणि प्रदूषणाचे नियम. दुसरं कारण टॅक्स. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ४ मीटरपेक्षा छोट्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना कमी अबकारी कर लागला, आणि ती सीमारेषा पुढे जीएसटीतही राहिली. मग कंपन्यांनी इंजिन छोटं ठेवून वर टर्बो बसवला. ताकद १.६ लिटरची, पण ती निघते १ लिटरमधून. म्हणजे तेवढीच उष्णता जवळजवळ दोन-तृतीयांश जागेत.

त्यात इंजिन आखूड ठेवायचं म्हणून सिलिंडर एकमेकांना खेटून. दोन सिलिंडरमधली भिंत जेमतेम काही मिलिमीटरची. दोन्ही बाजूंना आग आणि मध्ये कूलंटला जायला जागा नाही. गॅस्केट सगळ्यात जास्त तापतं ते इथेच. शिवाय बऱ्याच नव्या इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्डही हेडच्याच कास्टिंगमध्ये असतो. इंजिन लवकर गरम व्हायला ते चांगलं, पण कूलंटवरचा भार वाढतो.

आणखी एक गंमत. हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक अनेकदा बीडाचा असतो. ॲल्युमिनियम तापल्यावर बीडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. ३०० मिमी लांबीचं हेड ७० अंशांनी तापलं तर सुमारे ०.४८ मिमी वाढतं, ब्लॉक मात्र ०.२३ मिमी. म्हणजे दर वेळी गाडी गरम-थंड होताना हेड ब्लॉकवर पाव मिलिमीटर घासतं, आणि मध्ये सापडतं गॅस्केट. नॉर्मल तापमानात हे घासणं हिशोबात धरलेलं असतं. इंजिन ओव्हरहीट झालं की हिशोब संपला. बोल्टांनी जखडलेल्या हेडला वाढायला जागा मिळत नाही, ते कायमचं वाकतं.

थोडक्यात, गॅस्केट बहुतेक वेळा स्वतःहून जात नाही. आधी कूलंट जातं, मग हेड वाकतं, मग गॅस्केट. पण गॅरेजच्या बिलावर नाव मात्र गॅस्केटचंच!

दोन खरी उदाहरणं

ब्रिटनच्या रोव्हर कंपनीचं के-सीरिज इंजिन १९८९ मध्ये आलं. वजनाला हलकं, कागदावर फारच हुशार. हेड, ब्लॉक आणि खालची पट्टी आरपार जाणाऱ्या १० लांब बोल्टांनी सँडविचसारखी आवळलेली. पुढे तेच इंजिन वाढवून १.८ लिटरचं केलं आणि नंतर त्यावर टर्बोही बसवला. पण हेड गॅस्केटने या इंजिनाचं नाव जे खराब केलं ते केलंच. कारणं अनेक होती. कूलंट मुळातच थोडं, त्यामुळे जराशी गळतीही महागात पडायची. थर्मोस्टॅट इंजिनात शिरणाऱ्या कूलंटच्या वाटेवर असल्याने गरम इंजिनात अचानक थंड कूलंटचा लोंढा यायचा. आणि काही काळ हेड जागेवर धरणाऱ्या पिना स्टीलऐवजी प्लॅस्टिकच्या वापरल्या होत्या. पुढे स्टीलच्या पिना आणि एमएलएस गॅस्केट आलं. पण २००५ मध्ये एमजी रोव्हर बंद पडली, आणि के-सीरिज म्हटलं की लोकांना आजही गॅस्केटच आठवतं.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. मार्च २०१७ मध्ये फोर्डने १.६ लिटर इकोबूस्ट टर्बो इंजिनच्या सुमारे २ लाख ३० हजार गाड्या परत बोलावल्या. कूलंट नीट न फिरल्यास इंजिन तापून हेडला तडा जाऊ शकतो, त्यातून तेल गळून आग लागू शकते, असं कारण होतं. यावर उपाय काय केला? कूलंटची पातळी ओळखणारा सेन्सर बसवला! हे वाचलं आणि मला मामाच्या गाडीचा काटा आठवला. टेंपरेचर सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. कूलंट संपलं की तो हवेत लटकतो. शिवाय पुष्कळ गाड्यांत तापमान थोडं वरखाली झालं तरी काटा मुद्दाम मध्यावरच ठेवतात, ड्रायव्हर घाबरू नये म्हणून. म्हणजे मी ज्या काट्याच्या भरवशावर “चल” म्हटलं, त्याला काही कळतच नव्हतं.

कसं ओळखायचं?

गॅस्केट कुठे फुटलं त्यावर लक्षणं ठरतात.

१) गॅस कूलंटमध्ये: टाकीत बुडबुडे येतात, होज पाइप दगडासारखे टणक होतात, बाहेर गळती न दिसता कूलंट उतू जातं.
२) कूलंट सिलिंडरमध्ये: सकाळी स्टार्ट करताना गाडी थरथरते, गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो.
३) कूलंट ऑइलमध्ये: डिपस्टिकवर लस्सीसारखं दुधाळ ऑइल. (फक्त ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा फेस दिसला तर लगेच घाबरू नका. थंडीत रोज दोन-दोन किलोमीटर गाडी फिरवली तरी तो जमतो.)
४) एका सिलिंडरमधून शेजारच्यात: शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी.

खात्री करायला कॉम्प्रेशन टेस्ट आहे, आणि एक स्वस्त केमिकल टेस्टही आहे. टाकीतली हवा एका निळ्या द्रवातून ओढायची. तिच्यात ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रव पिवळा पडतो. हेड उतरवण्याआधी एवढं केलं तर निम्मे वाद मिटतात.

दुरुस्ती म्हणजे फक्त गॅस्केट बदलणं नव्हे

दुसऱ्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी हेड उतरवून पालथं टेबलावर ठेवलं, त्यावर स्टीलची सरळ पट्टी ठेवली आणि खालून फिलर गेज सरकवलं. ०.१५ मिमीची पाती आरामात गेली. बऱ्याच इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.०५ मिमीच्या आसपास असते. वहीचा कागदसुद्धा साधारण ०.१ मिमी जाड असतो! आधीच्या गॅरेजने हे मोजलंच नव्हतं. वाकड्या हेडखाली नवं गॅस्केट टिकणार कसं? हेडला फेसिंग करून घेतलं. एमएलएस गॅस्केटला पृष्ठभाग अगदी गुळगुळीत लागतो.

मग बोल्ट. ते एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नसतात, कारण आवळताना ते मुद्दाम यील्ड पॉइंटपर्यंत नेलेले असतात. टॉर्क पान्याने लावलेल्या जोरापैकी साधारण ९० टक्के घर्षणातच जातो. म्हणून आधी थोडा टॉर्क आणि मग ठरावीक अंशांनी फिरवणं, तेही मधल्या बोल्टपासून बाहेरच्या दिशेने. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समधला तो कंटाळवाणा स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्ह अखेर प्रत्यक्षात भेटला!

सगळ्यात शेवटी मिस्त्रींनी विचारलं, “पण मुळात कूलंट गेलं कुठं?” शोधलं, तर एका प्लॅस्टिकच्या जोडाला केसाएवढी चीर. पहिल्या गॅरेजने तोही तसाच ठेवला होता. त्याची किंमत तीन आकडीसुद्धा नव्हती.

हॉस्टेलवाल्यांसाठी चार गोष्टी

एक, दर आठवड्याला सकाळी इंजिन थंड असताना कूलंटची पातळी बघा. अर्धं मिनिट लागतं. पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर नुसतं भरू नका, कुठे जातं ते शोधा.

दोन, टर्बो गाडी कमी आरपीएमवर वरच्या गिअरमध्ये रेटू नका. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत अशा वेळी स्पार्कच्या आधीच मिश्रण पेट घेऊ शकतं. याला एलएसपीआय म्हणतात. त्याचा धक्का नेहमीच्या नॉकिंगपेक्षा कितीतरी मोठा असतो, पिस्टनसुद्धा फुटू शकतो. हे टाळण्याची चाचणी पास झालेलं ऑइल मिळतं. मे २०२० मध्ये आलेला एपीआय एसपी ग्रेड त्यातलाच. मॅन्युअल काय सांगतं ते बघून घ्या.

तीन, बी विंगमधल्या रीमॅपप्रेमींनो, लॅपटॉप लावून बूस्ट वाढवता येतो, पण बोल्ट तेच राहतात. ते ३.९ टनांचं गणित पुन्हा एकदा करून बघा.

चार, गाडी तापली किंवा कूलंट गेलं तर बाजूला घ्या, एसी बंद, इंजिन बंद. गरम असताना झाकण उघडू नका, नाहीतर उकळती वाफ तोंडावर येईल. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. तासभर थांबा, नाहीतर टो करून न्या. टोइंगचा खर्च हेडपेक्षा नक्कीच कमी.

मग चूक कोणाची? सुरुवात त्या चिरलेल्या जोडाने केली. हेड वाकवलं ते त्यानंतर तशाच हाकलेल्या किलोमीटरनी. आणि दुसरं बिल आलं ते न मोजलेल्या ०.१५ मिमीमुळे. मामाला मी हे सगळं समजावलं, फक्त ‘चल’ कोण म्हणालं होतं तो भाग थोडा घाईत सांगितला. पण मामाच्या लक्षात होतंच. तो म्हणाला, “जाऊ दे गं, दोघांची मिळून फी भरली समज.” आता तो रोज सकाळी चहाच्या आधी कूलंट बघतो. आणि मलाही फोन करून बजावतो, काट्यावर विश्वास ठेवू नको.