उष्ण शहरातील वास्तव्य : हवामान आणि शेजार

पुण्यात आयुष्य घालविलेले एक निवृत्त जोडपे आपले घर बंद करून रायपूरच्या समता कॉलोनीत, मुलीच्या घराजवळ, कायमचे राहावयास जाण्याचा विचार करीत आहे, अशी कल्पना करू. असे प्रसंग आज अनेक कुटुंबांत येतात. निर्णयाची वेळ आली की बहुधा एका कागदाच्या दोन बाजू केल्या जातात. एका बाजूला ऊन मांडले जाते, दुसऱ्या बाजूला मुलगी, जावई, नातवंडे आणि परक्या गावातील नवा शेजार. मग कोणती बाजू जड, याचा अंदाज घेतला जातो.

ही रीत स्वाभाविक आहे. परंतु तीत एक मूलभूत उणीव राहते. हवामान आणि समाजजीवन या दोन वेगळ्या वस्तू आहेत असे ती गृहीत धरते. अतिउष्ण शहरात त्या वेगळ्या राहत नाहीत. माणसांनी केव्हा भेटावे, कोठे बसावे, केव्हा दारे लावून घ्यावीत हे तेथे ऊन ठरविते. आणि ते ऊन कोणाला सोसेल व कोणाला सोसणार नाही हे पुष्कळ अंशी शेजारपाजार ठरवितो.

प्रथम हवामान पाहू. रायपूर हे महानदीच्या खोऱ्यातील मैदानात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर वसलेले आहे. नागपूर आणि रायपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर येतात, त्यामुळे नागपूरचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला रायपूर फारसे परके वाटणार नाही. मे महिन्यात तेथील सरासरी कमाल तापमान ४२ अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि काही दिवशी पारा ४५ च्या वर जातो. पुण्यात याच महिन्यात ते सरासरी ३७ अंश असते. पाच अंशांचा हा फरक सर्वांच्या लक्षात येतो. मात्र निर्णय घेणाऱ्याने दुपारपेक्षा रात्रीकडे अधिक पाहावे. पुण्यात मे महिन्याच्या पहाटे पारा २३ अंशांपर्यंत उतरतो. रायपुरात तो सरासरी २७-२८ अंशांच्या आसपासच थांबतो. दिवसभर तापलेल्या शरीराला सावरण्यासाठी रात्रीचा गारवा लागतो. तो मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशीचे ऊन आदल्या दिवसाच्या थकव्यावर येऊन पडते. उन्हाच्या लाटेचा तिसरा-चौथा दिवस पहिल्या दिवसाहून घातक ठरतो, त्याचे एक कारण हेच होय.

शरीराची व्यवस्था थोडक्यात अशी आहे. त्वचेचे तापमान साधारणतः ३५ अंश असते. हवा त्याहून थंड असेल तोवर शरीरातील उष्णता हवेत जाते. हवा त्याहून तापली की उलट हवेतील उष्णता शरीरात शिरू लागते, आणि मग घामाचे बाष्पीभवन हाच एक मार्ग उरतो. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. नव्या हवेची सवय होण्यास निरोगी माणसाला एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो, त्यातील क्षार कमी होतात, रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते. वार्धक्यात मात्र घाम कमी येतो, आणि त्याहून वाईट म्हणजे तहानही कमी लागते. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी औषधे घेणाऱ्यांना धोका आणखी अधिक. साठी उलटलेल्या माणसाने स्थलांतरापूर्वी आपल्या डॉक्टरांशी या एका मुद्द्यावर स्वतंत्रपणे बोलावे, हे घरभाड्याच्या चौकशीहून महत्त्वाचे आहे.

रायपूरचा उन्हाळा एकाच प्रकारचा नसतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. एप्रिल आणि मे महिन्यांतील हवा कोरडी असते. कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, कारण त्याचे तत्त्व घामाचेच आहे: ओल्या ताट्यांतून जाणारी हवा पाणी शोषते आणि गार होते. बाहेर ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना चांगला कूलर खोलीत येणारी हवा २८ अंशांपर्यंत उतरवू शकतो. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून दुपार काढणाऱ्या जुन्या पिढीला हे शास्त्र पुस्तकाशिवाय ठाऊक होते. जूनच्या मध्याला पाऊस येतो आणि सारे चित्र पालटते. तापमान ३२-३३ वर येते, पण हवा ओलीचिंब असते. त्या हवेत तोच कूलर दोन-तीन अंशांचाही गारवा देऊ शकत नाही, उलट खोलीतील दमटपणा वाढवितो. वर्षाचा सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पुण्याहून आलेल्याला मेच्या कोरड्या झळांपेक्षा पावसाच्या दोन सरींमधील उकाडाच जाचक वाटण्याचा संभव आहे, आणि त्याविषयी आगाऊ कोणी सावध करीत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मात्र खरोखर सुखाचा. पहाटे पारा १२-१३ अंशांवर येतो.

घर निवडताना मजल्याचा विचार आधी करावा. सर्वांत वरच्या मजल्यावर काँक्रीटची गच्ची दिवसभर ऊन पिते आणि मध्यरात्रीपर्यंत ते खोलीत सोडत राहते. तळमजला, पश्चिमेच्या भिंतीला झाडाची सावली आणि समोरासमोर खिडक्या असे घर मिळत असेल तर थोडे अधिक भाडे देण्यास हरकत नाही. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात दिल्यानेही फरक पडतो. मोठा कूलर दिवसभरात कित्येक बादल्या पाणी पितो, तेव्हा मे महिन्यात नळाला किती वेळ पाणी असते हे शेजाऱ्यांनाच विचारावे. रायपूरपुरती आणखी एक चौकशी आवश्यक आहे. शहराच्या उत्तरेस उरला आणि सिलतरा येथे पोलाद व स्पंज आयर्न यांचे कारखाने आहेत आणि गच्चीवर बसणारी काळी धूळ ही तेथील गृहिणींची जुनी तक्रार आहे. दम्याचा विकार असणाऱ्याने एक रात्र गच्चीवर पांढरी चादर अंथरून सकाळी ती पाहावी. एवढी तपासणी कोणालाही करता येते.

आता समाजजीवनाकडे वळू. मे महिन्यात दुपारी बारा ते पाच या वेळात कोणत्याही वसाहतीतून फेरी मारली तर रस्ते ओस दिसतात. नव्याने आलेल्या माणसाचा समज होतो की येथील लोक अबोल आहेत. वस्तुतः दिवस दुभंगलेला असतो. पहाटे पाचला फिरणारी, भाजी घेणारी, दूध आणणारी माणसे रस्त्यावर असतात आणि रात्री आठनंतर पुन्हा फाटकाशी खुर्च्या येतात. जो आपले पुण्याचे घड्याळ तसेच चालू ठेवील, म्हणजे सकाळी दहाला बाहेर पडेल आणि रात्री नवाला निजेल, त्याला वर्षभरातही ओळखी होणार नाहीत. मेच्या अखेरीस येणारा नवतपा, म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यानंतरचे पहिले नऊ दिवस, विदर्भाप्रमाणेच छत्तीसगडातही लोकांच्या तोंडी असतो. त्या दिवसांत लग्नकार्याखेरीज कोणी कोणाकडे जात नाही. म्हणून बिऱ्हाड हलवावयाचे ते ऑक्टोबरात, दिवाळीच्या सुमारास. ओळखी होण्यास हिवाळ्याचे चार महिने मिळतात आणि उन्हाळा येतो तेव्हा दारावर थाप मारणारे कोणी तरी जोडलेले असते.

ही दारावरची थाप केवळ सौजन्याची गोष्ट नाही. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात उन्हाची भीषण लाट आली आणि नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू अधिक झाले. एरिक क्लायननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने त्यांचा अभ्यास २००२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. नॉर्थ लाँडेल आणि साउथ लाँडेल हे दोन भाग एकमेकांना लागून होते. दोन्हींचे हवामान एकच, दोन्हींत एकाकी व गरीब वृद्धांची संख्या जवळपास सारखी. तरीही पहिल्या भागातील मृत्यूचे प्रमाण दुसऱ्याच्या सुमारे दहापट निघाले. पहिल्या भागातील दुकाने बंद पडली होती, घरे ओस होती, म्हातारी माणसे भीतीने दारे लावून आत बसत. दुसऱ्या भागात रस्ते गजबजलेले होते आणि गार दुकानात जाऊन थोडे बसावे इतका विश्वास वृद्धांना वाटत होता. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये उन्हाच्या लाटेने सुमारे १५,००० बळी घेतले. त्यांतही वृद्धांची संख्या मोठी होती आणि अनेकजण घरी एकटेच होते. आपल्याकडे मे २०१० च्या लाटेनंतर अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली, तिच्यात इशारे पोहोचविण्याइतकेच महत्त्व दुर्बल माणसांपर्यंत प्रत्यक्ष पोहोचण्याला होते.

आपल्या जोडप्याच्या प्रश्नाला यातून वेगळे रूप येते. मुलगी आणि जावई दिवसभर कामावर असतील, तर दुपारी दोन वाजता आईला चक्कर आल्यास दार कोण उघडील? मुलीचे प्रेम हे या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही. उत्तर शेजारच्या घरात आहे किंवा कोठेच नाही.

सुदैवाने मराठी माणसाला रायपुरात अगदी शून्यापासून आरंभ करावा लागत नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सैन्य भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगडात शिरले आणि १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून राज्य केले. १८१८ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपूरला आणले. पुढे १८६१ पासून १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती, त्यामुळे कारकून, वकील, शिक्षक यांची ये-जा चालूच राहिली. जुन्या शहरातील तात्यापारा हा मोहल्ला या वस्तीची खूण आहे, आणि समता कॉलोनीला लागून असलेल्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. पायी जाण्याच्या अंतरावर असे ठिकाण असणे ही वृद्धांच्या दृष्टीने मोठी सोय होय. उन्हाळ्यात अंतर किलोमीटरने नव्हे, सावलीने मोजावे लागते.

तथापि मंडळावरच सारा भार टाकणे शहाणपणाचे नाही. दुपारी मदतीला येणारा शेजारी बहुधा हिंदी किंवा छत्तीसगढी बोलणारा असेल. या बाबतीत माधवराव सप्रे यांचे उदाहरण आठवते. मराठी घरात जन्मलेल्या या लेखकाने १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले, आणि १९२६ मध्ये रायपुरातच देह ठेवला. एवढे मोठे कार्य सर्वांना साधणारे नाही. पण शेजारच्या बाईला ‘दीदी’ म्हणून हाक मारणे आणि मोडक्या हिंदीत तिच्या गुडघ्यांची चौकशी करणे कोणालाही जमते. सणही या कामी उपयोगी पडतात. पोळ्याला तेथेही मुले मातीचे बैल ओढतात. हरतालिकेच्या दिवसांतच तेथे तीजा असतो, त्यासाठी लेकी माहेरी येतात. गणेशोत्सव रायपुरात थाटाने होतो. उन्हाळ्यात बासी, म्हणजे रात्री पाण्यात भिजवून ठेवलेला भात, सकाळी कांद्याबरोबर खाण्याची तेथील रीत पन्हे आणि ताकावर वाढलेल्या माणसाने अवश्य उचलावी.

रायपूरच्या आग्नेयेस नवा रायपूर ही आखीव नगरी उभी राहिली आहे. छत्तीसगड राज्याचे मंत्रालय २०१२ मध्ये तेथे गेले. रस्ते रुंद, घरे नवी, हवा मोकळी असे पाहून पुण्याचे पाहुणे तिकडे ओढले जाणे शक्य आहे. पण रुंद रस्त्याला सावली कमी असते, आणि ज्या वसाहतीत हाकेच्या अंतरावर किराणा नाही, औषधाचे दुकान नाही, फाटकाशी बसणारे म्हातारे नाहीत, तेथे वातानुकूलन यंत्र असूनही वृद्धाची दुपार एकाकीच जाईल. वीज गेली की प्रश्न अधिकच बिकट होतो. समता कॉलोनीतील जुने, थोडे अडचणीचे घर या दृष्टीने सरस ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पन्नाशीच्या आतील धडधाकट माणूस वेगळा निर्णय घेऊ शकेल.

घर विकण्यापूर्वी एकदा मे महिन्यातच जाऊन पंधरा दिवस राहावे. हिवाळ्यातील भेटीवरून कोणीही निर्णय करू नये. या पंधरवड्यात झोप किती लागते, औषधाचे दुकान दुपारी उघडे असते काय, मुलगी कामावर असताना किती जणांनी विचारपूस केली, हे रोज एका वहीत टिपून ठेवावे. जमल्यास मुक्काम जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत लांबवावा, म्हणजे पहिला पाऊस होऊन कूलर बंद करावा लागला की ती दमट रात्र कशी जाते, तेही वहीत येईल.